पाच पेनांची शहानिशा

आक्काच्या पत्राला चिटणिसांनी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र तसं लहानच होतं. 'धाकल्या, वस्तू हातात घेतली की ती कुणाची होती ते मला आतून कळतं. सगळे हसतात. तू जगाच्या भुताखेतांची शहानिशा करतोस, एकदा माझी कर. बाबांच्या पेनवरच कर.' चिटणीस उत्तराचा मायना लिहीत आणि थांबत. आक्का नापास झाली तर तिला वाईट वाटणार, आणि पास झाली तर मंडळ बंद करावं लागणार!

मंडळ म्हणजे शहानिशा मंडळ. सभासद दोन. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेले चिटणीस आणि त्यांचे मित्र, निवृत्त कंपाउंडर. शाळेत रडणारी बाई म्हणजे खिडकीची गंजलेली बिजागरी, हा शोध त्यांचाच. थेट किल्ल्यापर्यंत जाणारं म्हणून गाजलेलं भुयार चार फुटांवर संपतं, हे तर कंपाउंडरांनी स्वतःचं डोकं आपटून सिद्ध केलं होतं.

शेवटी आक्काच बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"उत्तर येईना, म्हटलं आपणच जावं. काढ पेन!"

"असं लगेच कसं? चाचणी शास्त्रशुद्ध हवी!" चिटणिसांचा आवाज उत्साहाने चिरकला.

दोन दिवस ते नुसते धावत होते. जुन्या बाजारातून अगदी तशीच चार पेनं मिळवली. बाबांच्या पेनच्या टोपणावर नाव कोरलेलं होतं, ते पॉलिश पेपरने घासून काढलं. दातांच्या खुणाही घासल्या. बाकीची चारही तशीच घासून चकचकीत केली. पाचही पेनांना नव्या निबा बसवल्या.

"अहो, बाबांची आठवण आहे ती," बायको कळवळून म्हणाली.

"आठवण राहतेच आहे. मी फक्त पुरावा काढून टाकतोय."

मग पाचही पेनं एका डब्यात घालून त्यांनी तो कंपाउंडरांच्या हाती दिला. कंपाउंडरांनी आतल्या खोलीत जाऊन ती फडक्यांत गुंडाळली आणि वर आकडे लावले. तेवढा वेळ चिटणीस स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभे होते.

रविवारी सकाळी दहा वाजता आक्का टेबलाशी बसली. पहिलं पेन घेतलं, ठेवलं. दुसऱ्यावर जराशी थांबली. तिसरं मुठीत धरलं, मान डावीकडे कलली आणि तिचे डोळे भरून आले.

"हेच! बाबांचा हात लागला बघ. तीन!"

चिटणीस खुर्चीतून उडालेच. "कंपाउंडर, बोला लवकर! तीन बरोबर?"

"मी काय बोलू? टिपण तुमच्याकडे."

"माझ्याकडे कसं असेल? बाबांचं पेन डब्यात सगळ्यांत वर ठेवलं होतं, गुंडाळलीत तुम्ही!"

"डबा हलवून, डोळे मिटून गुंडाळली! मला कळलं असतं तर आक्कांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असतं. कुणालाही कळता कामा नये, असं तुम्हीच बजावलंत. मला वाटलं, डब्यात घालताना तुम्ही खूण केली असेल."

"खुणा पुसण्यातच माझे दोन दिवस गेले हो!"

भराभर फडकी सुटली, प्रत्येक पेन आपापल्या आकड्याच्या फडक्यावरच ठेवलं. भिंग आलं. कंपाउंडरांचा औषधं तोलायचा जुना काटा आला. पाचही पेनं सारखीच चकाकत होती आणि वजनात गुंजभर फरक नव्हता.

"म्हणजे बाबांचं पेन हरवलं," बायको म्हणाली.

"हरवलं कुठे? या पाचांतच आहे."

"मग द्या बघू माझ्या हातात."

चिटणिसांचा हात पाचही पेनांवरून फिरला आणि रिकामाच मागे आला. एखादा दावा खरा निघावा, असं त्यांना जन्मात पहिल्यांदाच वाटत होतं.

"आक्का, तीनच ना गं? नक्की?"

"हो... म्हणजे, दोन नंबरचंही जरा कोमट लागलं होतं."

"असं नको करूस! माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे."

"तोच नको ना!" आक्का रडकुंडीला आली. "तू शंका घेत होतास तोवर मला लख्ख दिसत होतं. आता असा भाबड्यासारखा बघायला लागलास, तर माझंच मला खरं वाटेना."

कंपाउंडरांनी वहीत लिहिलं, 'निकाल लागला नाही.'

दुसऱ्या दिवशी आक्का चहासुद्धा न घेता निघाली. "माझ्या हट्टापायी बाबांचं पेन गेलं रे." चिटणिसांनी तीन नंबरचं पेन पुढे केलं, तर तिने हात मागे घेतला. "आणि दुसऱ्याच कुणाचं असलं तर? जन्मभर परक्याचं पेन जपत बसू?"

आठ दिवस चिटणिसांना अन्न गोड लागलं नाही. ते ती पाच पेनं आकड्यांवर मांडत, उचलत, पुन्हा मांडत. नवव्या दिवशी घास तोंडात असतानाच ते ताडकन उठले.

"शाई कुठाय? शाई!"

पाचही पेनं भरून त्यांनी एकटाकी पत्र लिहिलं. बायको खांद्यावरून वाचत होती.

'१. तीर्थरूप आक्कास साष्टांग नमस्कार.

२. तीन वर्षं तुला उत्तर लिहिलं नाही, माझं चुकलं.

३. पेन मुठीत धरताना तुझी मान बाबांसारखीच डावीकडे कलली, ते बघून मी खुर्चीतून उठलो, आणि हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळे त्याला आणखी पुरावा लागत नाही.

४. प्रत्येक ओळ वेगळ्या पेनने लिहिली आहे. म्हणजे यांतली एक बाबांच्या पेनची आहे, हे बिनतोड सिद्ध होतं.

५. कोणती ते तू ठरव, मंडळ तपासणार नाही.'

"तिसरी ओळ एवढी लांब का हो?" बायकोने विचारलं.

"त्या पेनात शाई जास्त होती," चिटणीस पुटपुटले, आणि अनवाणीच कोपऱ्यापर्यंत जाऊन त्यांनी पत्र पेटीत टाकलं.