आप्पांचा रूक्कू

निमोण्यात भिकाआप्पांकडं माठ घ्यायला गेलात, तर आधी फिनलंडचा एक शब्द घ्यावा लागतो. शब्द आहे ‘रूक्कू’, म्हणजे मडकं.

“ह्यो शब्द तिथला न्हाईच,” चाकावरचे हात न काढता आप्पा सुरू होतात. “शेजारच्या स्वीडनवाल्यांचा ‘क्रूका’. ह्येंनी घरी आणताना म्होरला ‘क’ वाटंतच टाकला. आपण स्टेशनाचं टेशन केलं, तसंच!”

मी शाळामास्तर, पण गावात शब्दांची कुळं आप्पाच सांगतात. दौंडचं एक गिऱ्हाईक एकदा वैतागलं, “आप्पा, माठात पाणी गार होतं का, तेवढं सांगा.” आप्पांनी त्याला माठ दिलाच नाही. “गाव न इचारता सोयरीक करतो व्हय आपण?”

हा नाद लागला तो त्यांच्या मुलीपायी. कमल नोकरीसाठी फिनलंडला निघाली, तेव्हा आप्पांनी एक लहानसं मडकं बोटानं वाजवून, कान देऊन, लुगड्यात गुंडाळून तिच्या बॅगेत घातलं. न वाजवता ते कुणालाच मडकं देत नाहीत. महिन्याभरानं तिचा फोन आला, तेव्हा मी तिथंच होतो.

“कमळे, मडकं वाजवून दाव.”

पलीकडं जरा खुडबूड. मग टिणटिण ऐकू आलं. आप्पा थबकले आणि एकदम म्हणाले, “तिथं मडक्याला काय म्हणत्यात गं?”

तेव्हापासून दर रविवारी फोनवर रूक्कू! गेल्या रविवारी मी चिडवलं, “आप्पा, बास की आता.”

आप्पांनी हात धुतले. “मास्तर, माझं मडकं असं वाजत न्हाई. वाटंत फुटलं आसंल. मला वाईट वाटू ने म्हणून पोरीनं तिथलं इकत घेऊन वाजवलं. पुन्हा मडक्याचं इचारलं, तर तिला पुन्हा खोटं बोलावं लागंल. म्हणून शब्दाचं इचारतो.”

फळीवर कमलला दिलेलं, तस्संच एक लहान मडकं होतं. ते काढून त्यांनी बोटानं वाजवलं, ऐकलं आणि परत ठेवलं. “ती आली की गुपचूप बॅगेत घालायचं.”

तेवढ्यात फोन वाजला.

“हां कमळे! त्या रूक्कूचं परत सांग बघू. मास्तर आल्यात, त्यांना काय ठावं न्हाई.”

मी मांडी घालून ऐकायला बसलो.