आधी जेवण, मग समुद्र

जानेफळच्या शाळेत वंदना भूगोल शिकवायची. भरती-ओहोटीचा धडा तर ती असा रंगवायची, की मागच्या बाकावरची पोरंही जागी राहत. यंदा तो धडा चालू असतानाच एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, तुमी पाह्यला का समुद्र?" वंदनानं खडू खाली ठेवला. चाळिशी उलटली तरी समुद्र तिनं पुस्तकात आणि टीव्हीवरच पाहिला होता. "नाही," ती म्हणाली. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं नवऱ्याला चहासुद्धा विचारला नाही.

नवरा, म्हणजे दीपक, बी-बियाण्यांचं दुकान चालवायचा. शब्द दिला की पुरा करणारा माणूस. अडचण एवढीच की तो कोणालाही शब्द द्यायचा. वंदनानं समुद्र दाखवा म्हटल्यावर त्यानं मोबाईलवर शोधाशोध करून रत्नागिरीची सहल पक्की केली. शनिवार-रविवार कड्याकड्यानं पायी फिरायचं, किल्ला चढायचा, दीपगृह बघायचं आणि दोन्ही दिवस कोकणी जेवण. डॉक्टरनं दीपकला तसंही चालायला सांगितलंच होतं. वंदनानं जाड तळव्यांचे बूट घेतले आणि घालून आठवडाभर अंगणात फिरली.

रस्ताही तिनंच निवडला. "समृद्धीनं जाऊ," ती म्हणाली.

"काऊन? टोल लय हाय."

"त्याच्यावर घरं नाहीत. घरं नाहीत म्हन्जे नातेवाईक नाहीत."

शुक्रवारी सकाळी गाडी निघाली. मेहकरला महामार्गावर चढायच्या आधी दीपकनं गाडी बाजूला घेतली आणि कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं, 'समृद्धीनं रत्नागिरीला निघालो.'

"हे काऊन टाकलं?" वंदनानं विचारलं.

"सांगा लागते न. मंग म्हन्तात, न सांगता गेले."

जालना यायच्या आत फोन वाजला. वंदनाचे काका, उत्तमराव. "जावईबापू, आमच्या गावावरून वरच्यावर चालले म्हणे? काकू भजे तळून राहिली. मी टोलनाक्यापाशी उभा आहे."

माणूस टोलनाक्यापाशी उभा असताना काय करणार? "पाच मिनिटं," दीपक म्हणाला. भज्यांनंतर कळलं की भजी ही सुरुवात होती. श्रीखंड मागवलं होतं आणि पुऱ्यांची कणीक मळून झाली होती. जावई प्रथमच अचानक आल्यामुळे टॉवेल-टोपी आणायला माणूस बाजारात गेला होता, आणि बाजार लांब होता.

"काका, आमाले रात्री रत्नागिरीत पोचायचं हाय," वंदना म्हणाली.

"समुद्र काय पळून चालला का?" काका म्हणाले. हे वाक्य पुढच्या दोन दिवसांत तिला इतक्यांदा ऐकावं लागलं, की समुद्र खरंच पळून जाईल तर बरं, असं तिला वाटू लागलं.

इकडे काकूंनी मोठ्या मनानं संभाजीनगरला फोन लावला. तिथं दीपकची थोरली बहीण मयुरी राहायची. "सासरच्यांकडं जेवला, अन् सख्ख्या बहिणीच्या दारावरून जाशील?" ताईचा आवाज भरून आला. झालं. संध्याकाळी संभाजीनगर, रात्री पुन्हा श्रीखंड-पुरी, आणि जेवण इतकं जड की दीपकला गाडी चालवणं सोडा, उठून बसणंही जमेना. मुक्काम तिथंच पडला. वंदनानं रत्नागिरीच्या सहलवाल्यांना फोन करून कळवलं, की उद्या दुपारपर्यंत येतो. उशाशी बूट ठेवून ती झोपली.

शनिवारी ताईनं नाश्ता केला, मग नाश्त्यावर न भागल्यामुळे जेवण केलं, आणि निरोप देता देता पनवेलला फोन केला. पनवेलला दीपकचा चुलतभाऊ प्रेमानंद. त्यानं नवा फ्लॅट घेतला होता आणि वास्तुशांतीला दीपक गेला नव्हता. ही जखम ताजी होती.

पनवेलला पोचेतो दिवस मावळायला आला. प्रेमानंदनं फ्लॅट दाखवला. मग बाल्कनी दाखवली. मग बाल्कनीतून दुसऱ्यांच्या बाल्कन्या दाखवल्या. त्याची बायको काजल स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाऊजी, श्रीखंड चालते ना?"

"नको वं, पोट गच्च हाय," दीपक म्हणाला.

पण आपल्याकडे पहिलं नको शिष्टाचाराचं असतं, दुसरं संकोचाचं, आणि तिसरं म्हणेपर्यंत ताटात पुरी पडलेली असते. "उद्या दुपारी पुरणाचा बेत आहे," प्रेमानंद म्हणाला. "रत्नागिरीले पुढच्या खेपेले जाजा."

दीपकनं वंदनाकडं पाहिलं आणि तो म्हणाला, "बरं."

वंदनाला रडू येत होतं, पण पाहुणीनं नव्या घरात रडणं बरं दिसत नाही. काजल पानं घेता घेता म्हणाली, "दही संपलं वाट्टे." वंदना लगेच उठली. "मी आनते," ती म्हणाली आणि बूट घालून, पिशवी घेऊन खाली उतरली.

पानं वाढून झाली तरी दही येईना. मग काजलच्या मोबाईलवर निरोप आला. 'दही फ्रिजमधीच हाय, मागच्या बाजूले. मी रत्नागिरीच्या बसमधी बसली.'

घरात हाहाकार उडाला. "वहिनी न जेवता गेल्या!" प्रेमानंद कपाळाला हात लावून म्हणाला. जालन्याला कळलं, संभाजीनगरला कळलं. परक्या मुलखात बाई एकटी गेली याची चौकशी कोणी केली नाही. सगळे विचारत होते, उपाशी कशी जाऊ दिली?

रविवारी सकाळी पोहे खाताना दीपकचा फोन वाजला. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"कुठी हाय तू?"

"किल्ल्यावर. कड्यापाशी." ती म्हणाली. "लय मोठा हाय हो. मी पोराइले उगीच फळ्यावर काढून दाखवत होती. तो फळ्यात मावत नाही." ती रडत होती, आणि लपवतही नव्हती.

फोन ठेवल्यावर दीपकनं पोह्यांची बशी बाजूला सारली. वीस वर्षांच्या संसारात बायकोनं एक गोष्ट मागितली होती, आणि ती तिला त्याच्याशिवाय मिळाली, याची त्याला खरोखर लाज वाटली. तो उठला. काजलनं पुरणासाठी शिजत घातलेली डाळ दाखवली. "नाही," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं 'नाही' ऐकणाऱ्याला खरोखरचं 'नाही' वाटलं. वंदनाला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून त्यानं तिला कळवलं नाही, आणि नातेवाइकांनी गाठू नये म्हणून फोन बंद करून टाकला. रस्त्यात चहालाही थांबला नाही.

रस्त्याची कामं चालू होती. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तो उतरला तेव्हा सूर्य केव्हाच बुडाला होता आणि समोर नुसता आवाज होता. त्यानं फोन चालू केला.

"कुठी होते तुमी?" वंदना म्हणाली. "दुपारपासून फोन लावून राह्यली. गाडी तुमच्यापाशी, सोमवारी घरी जायचं, म्हणून मी रेल्वेनं पनवेलले परत आली."

"पनवेलले?"

"हाव. पुरणपोळी खाऊन राह्यली. चालून चालून लय भूक लागली होती. काजल सोडूनच नाही राह्यली." पलीकडं सगळे खूश होते, प्रेमानंदचं हसणं ऐकू येत होतं. "तुमी आता तिथंच राहा. सकाळी उजेडात पाहून घ्या अन् मंग या. जेवले का?"

"जेवतो," दीपक म्हणाला.

किनाऱ्यावर एकच खानावळ उघडी होती. मालक बाकं उलटी करून ठेवत होता. दीपकच्या पोटात सकाळच्या चार घासांशिवाय काही नव्हतं.

"जेवण संपलं," मालक म्हणाला. मग त्याच्या तोंडाकडं पाहून म्हणाला, "वरणभात आहे थोडा. वाढू?"

"नको नको, राहू द्या," दीपक म्हणाला. "तुमाले उगीच तरास." आणि तो बाकावर बसायला वळला.

"बरं," मालक म्हणाला आणि त्यानं दिवा मालवला.