उणे ऐंशीतला संसार

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बर्वेमावशी पाव कापण्याआधी त्याची माफी मागतात. "लाखो यीस्ट भाजलेत बिचारे, हसताय काय?" हे वर आम्हालाच!

मावशी संशोधक. उभा जन्म यीस्टच्या पेशीत गेला. त्या पेशीत म्हणे अ‍ॅक्टिनचे दोर असतात आणि ते सारखे तुटतात, जुळतात. एक प्रोटीन दोराला कवटाळून बसतं म्हणून तो टिकतो, दुसरं दोरांची जुडी बांधतं, तिसरं कात्री घेऊन फिरतं. हे मला कसं ठाऊक? इथे राजधानीत, द्वारकेतल्या आमच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली की मावशींचा वर्ग भरतो, यार. काहीही पाहिलं की त्यांचा प्रश्न एकच, "पण धरून कोण ठेवतंय?"

एकदा मंगळबाजारात त्यांनी मेथीच्या जुडीचा रबर काढून भाजीवाल्याला दाखवलं, "देखो भैया, प्रोटीन गया, सब बिखर गया." तो म्हणाला, "मैडम, अब ये तो लेनी पड़ेगी." घेतली. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला त्या कात्री म्हणतात. वर सांगतात, "कात्रीही लागतेच हो, नाहीतर पेशी आखडते."

बर्वेकाका त्याच लॅबमध्ये, शेजारच्याच टेबलावर. तीन वर्षांपूर्वी गेले. पाचव्या दिवशी मावशी लॅबला निघाल्या. मी तोंड वासून बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "पेशींना सुतक नसतं." मी बायकोला म्हटलं, बाई आहे की दगड!

यंदा मावशी रिटायर झाल्या आणि ऑफिसने फर्मावलं, फ्रीझर रिकामा करा. त्यात उणे ऐंशी अंशांवर, छोट्या नळ्यांत, दोघांनी घडवलेले यीस्टचे सगळे वाण होते. कुणाचं कवटाळणारं प्रोटीन काढलेलं, कुणाचं जुडी बांधणारं. महिनाअखेर सगळं कचऱ्यात जाणार होतं. मावशी आठवडाभर नीट जेवल्या नाहीत. शेवटी मानेसरच्या एका लॅबमधली त्यांची जुनी विद्यार्थिनी, भाटिया, वाण सांभाळायला तयार झाली.

गाडी अर्थातच माझी. मांडीवर कोरड्या बर्फाचा थर्माकोलचा डबा घेऊन मावशी जाममध्ये पुटपुटत होत्या, "वितळू नका रे, बाळांनो." वेळेत पोचलो. भाटिया म्हणाली, "मैम, सब नई ट्यूब में डाल दूँगी, पुरानी फेंक देंगे."

"फेंकना मत," मावशी एकदम कडाडल्या. "खाली करके मुझे देना. और ऊपर स्पिरिट मत लगाना!"

पंधरवड्याने निरोप आला, सगळे वाण नव्या नळ्यांत जगले. म्हटलं, सुटलो. तर मावशी दारात हजर! "चला, रिकाम्या नळ्या आणायच्यात."

माझा रविवार गेला. परतताना मी वैतागून विचारलंच, "मावशी, या बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांचं तुम्ही करणार काय?"

त्यांनी एक नळी माझ्यापुढे धरली. तिच्यावर, स्पिरिट लागताच पुसली जाईल अशा निळ्या शाईत, मुंगीएवढ्या अक्षरात नंबर, तारीख आणि 'जपून' असं लिहिलेलं होतं.

"यांचं अक्षर," मावशी म्हणाल्या. "घरात कुठे चिटोराही नाही हो. टेबलाला टेबल लागून होतं, पत्रं कशाला लिहिली असती आम्ही?"