आतली बातमी

वच्छलाला सकाळी सकाळी चुलीपाशी जायचं होतं आणि मध्ये कापूस आडवा आला. खरं म्हणजे कापूस दिवाळीपासून होता तिथेच होता, आडवी आली होती वच्छला. माजघरातला ढीग आढ्याला भिडलेला. ढीग आणि भिंत यांच्यात एक बोळी तेवढी उरली होती. थंडीत त्या बोळीतून ती कडेवर घागर घेऊन सुर्रकन जायची. आता पाचवा महिना सरत आला होता. मधे काही दिवस ती तिरपी होऊन गेली, मग श्वास रोखून गेली आणि आज पोट भिंतीला, पाठ कापसाला अशी मधोमध गच्च बसली.

"आत्या वोऽ! अडकली मी!"

सासूबाईंनी, म्हणजे पार्बताबाईंनी, चुलीकडून हात घालून तिला ओढून काढलं. सून बाहेर आली ती नखशिखांत कापूस लावून. तिला शिंका आल्या, मग हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. हल्ली तिचं हे असंच चालायचं. काल गोठ्यातल्या म्हशीनं नुसतं तिच्याकडे पाहिलं, तरी ही घळाघळा रडली होती. चिंच दिसली की तोंडाला पाणी, आणि फोडणीचा वास आला की परसात धाव. केस दाट झाले होते, गालांवर तेज आलं होतं, लुगड्याचा वळसा रोज नव्या जागी बसवावा लागायचा.

"बरं, काई हाललं का वं?" पार्बताबाईंनी तिच्या केसांतला कापूस वेचत विचारलं.

वच्छलाचा चेहरा उतरला. "नाई."

"हालन, हालन. आमचा भगवंत चौथ्यातच लाथा झाडे म्हना..."

हे 'म्हना' वच्छलाच्या काळजात रुतायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तेव्हा कुठे हा दिवस दिसला होता, आणि आतलं पाहुणं होतं का नव्हतं तेही कळू देत नव्हतं.

त्या घरात तेव्हा दोन माणसं एकच प्रश्न विचारायची. सकाळी पार्बताबाई सुनेला विचारायच्या, "हाललं का?" संध्याकाळी तिचे सासरे नत्थुजी पारावर बसून अमरावतीहून येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला विचारायचे, "हाललं का?" एकीला नातवाची काळजी, दुसऱ्याला कापसाच्या भावाची. सातासमुद्रापलीकडे अमेरिका की काय म्हणतात तिथे गोऱ्यांची भाऊबंदकी पेटली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. ते भांडण मिटू नये म्हणून नत्थुजी दर शनिवारी मारुतीला तेल घालायचे. पण गेला महिनाभर भाव एका जागी बसला होता, आणि नत्थुजींनी शपथ घेतली होती, भाव वर हालल्याशिवाय घरातलं एक बोंडही बाहेर जाणार नाही. नत्थुजी विकत नाहीत म्हणून गावही विकत नव्हतं. भावावर नजर ठेवायला त्यांनी मुलाला, भगवंताला, अमरावतीला नेऊन बसवलं होतं.

पार्बताबाई परसातल्या वांग्यांना पाणी घालायला गेल्या. वच्छला कापसाच्या उतारावर टेकली. घरात मऊ जागा तेवढी एकच होती. तोंडात चिंचेचं बुटुक, मनात 'हाललं का, हाललं का'. आणि एकाएकी बेंबीखाली काहीतरी झालं. डोहात मासोळीनं शेपूट मारावं तसं. तिनं चिंच गिळली. पुन्हा झालं.

मघाशी ज्या बोळीत ती अडकली होती, तिच्यातून ती आता बाणासारखी सुटली. अर्धा ढीग तिच्या मागे घसरला. पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत कापूस लेवून ती परसात उभी राहिली आणि ओरडली, "आत्याऽऽ! हाललं वोऽऽ! हाललं!"

कुंपणापलीकडे शेजारचे खुशालराव बैल धूत होते. अंगभर कापूस लावलेली नत्थुजींची सून 'हाललं' म्हणून नाचते आहे, याचा दुसरा अर्थ त्या साली तरी वऱ्हाडात होऊच शकत नव्हता.

"काय म्हनलं सूनबाई? हाललं?"

वच्छलानं झटकन पदर ओढला. बाईमाणसाची गोष्ट, ती पुरुषमाणसाला उघड कशी सांगायची? पण आनंद पोटात मावेना. "होय मामाजी," ती पदरातून म्हणाली. "हाललं."

"पक्कं?"

"दोनदा हाललं."

"कोनं सांगतलं?"

"सांगाले कोन पायजे? आतूनच समजलं."

आतून! खुशालरावांच्या हातातला लोटा खाली पडला. "मंग आता पुढं कसं?"

"आत्या म्हनते, एकडाव हाललं का मंग रोज हालते. वाढतच जाते."

"अन ठेवलंच घरात, तर किती दिवस ठेवता येईन?"

म्हाताऱ्याला झालंय तरी काय, वच्छलाला कळेना. "ठेवाचं कसं मामाजी? येळ भरली का भायेर काढाच लागते!"

खुशालरावांनी बैल अर्धवट ओलेच जुंपले. जाता जाता त्यांनी फक्त एकाला सांगितलं आणि कोणाला सांगू नको म्हणून बजावलं, त्यामुळे ती बातमी फार लवकर सगळ्या गावाला कळली.

पारावर नत्थुजींना लोकांनी घेरलं. "वा नत्थुजी! घरात बातमी येते अन आमाले पत्ता नाई?"

"कोनती बातमी?"

"हाललं म्हने! तुमच्या सुनेनं सांगतलं. आतून समजलं म्हने!"

पोरानं आपल्याला सोडून बायकोला निरोप धाडला! नत्थुजींचा जीव जळाला. पण मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला नत्थुजींची जीभ कधी वळली नव्हती. ते खाकरले. "मले रातीच माईत झालं होतं. म्हटलं, तुमाले कायले उगी घाई कराले लावा?" आणि शेवटचा शब्द संपायच्या आत ते घराकडे पळत सुटले.

घरात गडी घुसले. माजघर रिकामं होऊ लागलं. वच्छला दारामागून बघत होती. गेल्या कित्येक दिवसांत न दिसलेली भिंत दिसली, कोनाडा दिसला, पाळण्याची कडी दिसली. आणि तिला भरून आलं. नातू हालला म्हणून मामंजींनी शपथ मोडून जागा केली! ती हुंदके देऊन रडू लागली. नत्थुजी गड्याला हळूच म्हणाले, "पाह्यलं? आमची सून बी कापसासाठी रडते. असं मानूस पायजे घरात."

अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग शिरली तेव्हा दलाल गाद्यांवर पेंगत होते. भाव कालचाच होता. सगळ्यात पुढच्या गाडीवर खुशालराव. त्यांना समोर भगवंत दिसला.

"अरे भगवंता, हाललं ना बाप्पा!"

"काय हाललं?"

"मले काय इचारतं? तुह्या बायकोनंच सांगतलं. दोनदा हाललं म्हने!"

अख्ख्या बाजारात या वाक्याचा खरा अर्थ कळलेला माणूस एकटा भगवंत. त्यानं टोपी उडवली, हलवायाच्या दुकानातली बत्ताशांची परात उचलली आणि दिसेल त्याच्या हातावर बत्तासा ठेवत सुटला. "हाललं! अबे हाललं! घ्या, तोंड गोड करा, हाललं!"

दलाल ताडकन उठून बसले. नत्थुजीचा पोरगा बत्तासे वाटतो, आख्खं गाव गाड्या घेऊन धावत येतं, म्हणजे मुंबईची काहीतरी मोठी खबर यांच्याकडे आहे. "काय हाललं, भाऊ?" एकानं चाचरत विचारलं. भगवंत लाजला. "आता चारचौघात काय सांगू? घरातली गोष्ट हाये." झालं! घरातली गोष्ट! त्या दलालानं थोडा भाव चढवला, ते पाहून शेजारच्यानं आणखी चढवला, आणि दिवेलागणीच्या आत भाव इतका हालला, इतका हालला की नत्थुजी आपली शेवटची गाडी रिकामी करताना स्वतःच चक्रावून गेले.

रात्री घरी येताच त्यांनी ओसरीवरूनच हाक दिली, "अवं, बातमी पयल्यांदा कोन आनली ते सांग! त्याले जरीचं पागोटं बांधतो!"

"बांधा ना," आतून पार्बताबाई म्हणाल्या. "पन थांबा लागन. त्याचं डोकं भायेर येऊ द्या पयले."

सगळा उलगडा झाल्यावर नत्थुजींनी आधी बाहेर कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग म्हणाले, "हे गावात कोनापाशी बोलू नका."

आठवडा झाला नसेल, तोच मुंबईहून खरी खबर आली. गोऱ्यांची भाऊबंदकी मिटली होती. भाव पुन्हा हालला, पण या खेपेला खाली, आणि असा हालला की ज्यांच्या घरात कापूस होता त्यांनी कपाळाला हात लावले. नत्थुजींच्या गावात कोणाच्या घरात वातीपुरताही कापूस उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नत्थुजींच्या ओसरीवर ही गर्दी. यंदा तीळ पेरावा की जवारी? बैल आताच विकावा की पोळ्यानंतर? "आतून काय म्हनतात?" खुशालरावांनी अदबीनं विचारलं. नत्थुजींनी मिशीवरून हात फिरवला आणि माजघराच्या दाराशी जाऊन आवाज खाली आणत म्हणाले, "सूनबाई, आज काई हाललं का?"

मोकळ्या माजघरात, गार सारवलेल्या जमिनीवर वच्छला कुशीवर पडली होती. हातपाय पसरून. तेवढ्यात आतून लाथ बसली, चांगली जोरदार, बापाला शोभेल अशी. तिनं पदर तोंडात कोंबला, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली,

"नाई मामंजी. निजलं हाये."

नत्थुजी पावलं न वाजवता ओसरीवर आले, ओठांवर बोट ठेवलं. आख्खं गाव आपापली पायताणं हातात घेऊन चोरपावलांनी घरी गेलं.

आत दुसरी लाथ बसली. तीही वच्छलानं कोणाला सांगितली नाही.