डोकं हुंगणारे वीरभद्राप्पा

सिरसाळ्याचे वीरभद्राप्पा रामराम घेण्याआधी माणसाचं डोकं हुंगत. त्यांचं राहत्या घरातच मीठ-गुळाचं दुकान. गिऱ्हाईक पायरीवर आलं की म्हणत, "पटका काढ." मग टाळूला नाक लावून निकाल देत, "परळीचं तेल! गूळ संपला बे." गुळाची ढेप समोरच दिसत असे.

ही खोड त्यांना नामा तेल्यापायी लागली. निजामाच्या अंमलातले ते दिवस. आम्ही सगळे मोठे शहाणे! शिवारातली करडई परळीच्या आडतीवर घालायचो आणि येताना तिथूनच करडईच्या तेलाचा डबा आणायचो; खायला तेच, डोक्यालाही तेच. मीही त्यातलाच. इकडे अप्पांच्या घराला लागून असलेला नामाचा घाणा बंद पडलेला. बैल विकून गाव सोडायचं त्याने नक्की केलं होतं.

अप्पा त्याला म्हणाले, "एक सुगी थांब." आणि गावाची डोकी हुंगायला लागले. "तेल तुमाला, पेंड म्हशीला, दूध लेकराला. पेंड परळीला कावून सोडून येता?"

एकदा पीकपाहणीला आलेल्या सरकारी गिरदावर साहेबांनी घाम पुसायला टोपी काढली. अप्पांना कुठला धीर! हुंगून मोकळे झाले. "साहेब, तुमचंबी परळीचंच." साहेब आधी लालबुंद झाले, मग खो खो हसत सुटले. नामाचं तेल मिळेल का, असं त्यांनी विचारलं तेव्हा द्यायला घोटभर नव्हतं. आम्ही माना खाली घातल्या.

त्या सुगीला माझी करडईची गाडी नामाच्या दारात थांबली. मागोमाग इतरांच्या आल्या. घाणा फिरू लागला, पेंडीवर म्हशी सुधारल्या, आणि नामाने बैल विकायचा विचार सोडला.

एका दुपारी अप्पांकडे गेलो. दुकान उघडं, अप्पा आतल्या खोलीत भिंतीला कान लावून बसलेले. पलीकडे घाणा कुरकुरत होता.

"अप्पा, गावासाठी लई केलंत."

"गावासाठी कशाचं," ते म्हणाले. "लेकरू न्हाई. म्हातारी गेल्यापून घरात आवाज म्हणून न्हवता. ह्यो कुरकुरला की वाटतंय, पल्याड कुनीतरी हाय."

मला गलबलून आलं. पटका काढून मी डोकं त्यांच्यापुढे केलं.

अप्पांनी हुंगलं. "नामाचं," म्हणाले. मग त्यांचा हात बराच वेळ माझ्या डोक्यावर तसाच राहिला.