खुर्ची पटवून देताना

फर्निचरच्या दुकानातल्या आमच्या सेल्समनसाहेबांनी रविवारी सकाळी बायकोला एक खुर्ची पटवून द्यायचं ठरवलं. (खुर्ची घरातलीच. दुकानातली पटवून द्यायला अजून जमत नव्हतं.) फिरती खुर्ची, पण तिच्यातला गॅस गेलेला. सातला ताठ बसलेला माणूस साडेसातला गुडघे हनुवटीला लावून बसलेला दिसे. तरी अख्ख्या घरात साहेबांची हक्काची जागा तेवढी एकच, आणि बायकोने ती भंगारवाल्याला कबूल केली होती. तो दहाला येणार होता.

साहेबांच्या खिशात ट्रेनिंगमधला कागद होता. पुरतं पटलेलं गिऱ्हाईक काय म्हणतं त्याची इंग्रजी वाक्यं: ‘आय अ‍ॅम सोल्ड’, ‘यू हॅव वन मी ओव्हर’, ‘आय बाय दॅट’. यातलं एक तरी कानावर पडेपर्यंत तोंड मिटायचं नाही, असं ट्रेनरने बजावलं होतं.

"अगं, मोठमोठ्यांच्या खुर्च्या एका झटक्यात जातात. ही बिचारी बघ, कशी अलगद खाली आणते!"

बायकोला हसू फुटलं. "बरं बाबा, पटलं. राहू दे."

साहेबांनी कागद पाहिला. ‘पटलं’ त्यात नव्हतं.

"शिवाय पाठीला आधार—"

"अहो, पटलं म्हटलं ना! त्याला नाही म्हणून सांगते मी."

हेही कागदावर नव्हतं. साहेब आणखीच पेटले. तेवढ्यात भंगारवाला दारात येऊन उभा राहिला, पण त्यांना भान कुठलं!

"या खुर्चीत बसून भांडताच येत नाही. आवाज चढेपर्यंत माणूस जमिनीला टेकतो! म्हण आता, आय अ‍ॅम सोल्ड!"

"आय अ‍ॅम सोल्ड!" भंगारवाला दारातून ओरडला. "साहेब, ही भंगारात घालायची नाही. घरीच नेतो. आमच्याकडे फार भांडणं होतात हो."

बायको नाही म्हणेपर्यंत त्याने खुर्ची उचलली आणि जिना उतरलाही. बायकोने दिलेला शब्द, वर स्वतःच केलेली एवढी स्तुती. साहेबांना अडवायला तोंडच उरलं नव्हतं.

ते रिकाम्या कोपऱ्यात फरशीवर बसले. बायकोला भरून आलं. तीही शेजारी टेकली.

"दोनदा म्हटलं हो मी, पटलं म्हणून."

"कागदावरचं कुठे म्हणालीस?"

"मला मागणी घातलीत तेव्हा होता का कागद? बाबांचं ‘हो’ बरं लगेच कळलं!"

साहेब जरा खुलले. "तेव्हा बोललोच तसा होतो. सलग दोन तास. बाबा अगदी भारावून गेले होते."

"भारावतायत कसले! अकराला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं त्यांना. तुम्ही उठेचनात, म्हणून हो म्हणाले."