सतरा नंबरची पोच

सहावीच्या हजेरीला मी "सतरा" म्हटलं की खिडकीबाहेरून एका बाप्याचा भरदार आवाज यायचा, "लक्ष द्या. अनुक्रमांक सतरा, दुसऱ्या बाकावर हजर हाय." माणूस दिसायचा नाही. खिडकीची खालची निम्मी काच पांढऱ्या रंगाने रंगवलेली आणि पलीकडे किल्ल्याच्या अंगाचं रान. तिकडून कुत्रंसुद्धा जात नाही. मी "अठरा" म्हणून पुढे सरकायची. पाऊण तासाने तोच आवाज बसस्टँडच्या भोंग्यातून सगळ्या कंधारवर पसरायचा, नांदेडला जाणारी गाडी फलाट दोनवर लागलेली आहे म्हणून. वर्गातली एकही पोरगी खिडकीकडे मान वळवायची नाही. आवाजापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

हे आमचे मारोतराव. स्टँडवर गाड्या पुकारणं हा त्यांचा धंदा. सतरा नंबर म्हणजे त्यांची लेक, सई. सई बोलत नाही. कान शाबूत, जीभ शाबूत, पण दाखल्यावर 'स्वमग्न' लिहिलंय आणि शब्द म्हणून एक निघत नाही. ती तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या कानामागे बघते. पहिल्या आठवड्यात मी चार वेळा वळून पाहिलं. मागे फळ्याशिवाय काही नव्हतं. तरी पाचव्यांदा पाहिलंच.

मारोतरावांना कशाचीही पोच लागते. अर्ज दिला, पोच द्या. तोंडी निरोप दिला, तरी पोच द्या. एकदा मी त्यांना चहा दिला, तर रिकामा कप पुढे करत म्हणाले, "चहा मिळाला बाई, पोच घ्या." सईसाठी विशेष शिक्षक मिळावा म्हणून त्यांनी इतके अर्ज केले होते, की तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातला शिपाई त्यांना फाटकात बघूनच आवक-जावकचा शिक्का शाईत बुडवून ठेवायचा. मागणी काय, तर असे विशेष शिक्षक असतात, ते महिन्यातून एकदा येऊन सही करून जातात, त्यांनी आठवड्यातून तीन दिवस यावं आणि सईजवळ बसावं. एवढंच.

आता माझं पाप सांगते. मी लातूरची, नवीनच बदलून आलेली, आणि हजेरीपत्रक चकाचक ठेवण्याची मला भारी घमेंड. मान खाली घालून नंबर घ्यायचे. जी 'हजर' म्हणेल ती हजर, जी म्हणणार नाही ती गैरहजर, पुढे चला. सई कधी म्हणालीच नाही. तेव्हा जून आणि जुलै असे दोन महिने ती रोज दुसऱ्या बाकावर बसून माझ्या कानामागे बघत होती, आणि मी रोज तिची गैरहजेरी मांडत होते. लक्षात आलं तेव्हा खाडाखोड नको म्हणून तसंच राहू दिलं. खोटं कशाला बोलू.

मग कार्यालयातून उत्तर आलं. विद्यार्थिनी सतत गैरहजर असल्याने विशेष शिक्षकाची गरज दिसत नाही, तिला लातूरच्या बाजूला एखाद्या निवासी शाळेत घालण्याचा विचार व्हावा. तो कागद घेऊन मारोतराव माझ्या टेबलाशी आले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

"बाई, तुमच्या वहीत लेकरू न्हाई," ते म्हणाले. "त्या येळेला माझ्या घरातबी न्हाई. मंग दोन महिने मी रोज शाळेत काय सोडून जात व्हतो?"



मी म्हणाले, आजपासून न चुकता हजेरी लावते. त्यांचा विश्वास उडालेला. म्हणाले, पोच मी सोता देणार. वर्गात बाहेरच्या माणसाला मनाई आहे, असं हेडसरांनी सांगितलं. मारोतरावांनी विचारलं, खिडकीबाहेर मनाई हाय का? हेडसरांनी सगळी परिपत्रकं चाळली. खिडकीबाहेरचं कुठेच काही नव्हतं.

एका रविवारी मतदार याद्यांच्या कामाला मी शाळेत गेले. शाळा रिकामी, व्हरांड्यात पारवे घुमत होते. आणि सहावीच्या वर्गात हजेरी चालू होती. मी दाराच्या फटीतून पाहिलं. सगळे बाक ओस. एकटी सई आपल्या जागेवर, आणि फळ्यापाशी मारोतराव, माझ्या पोरींची नावं ओळीने घेत होते. वही नाही, कागद नाही, चाळीसच्या चाळीस पाठ. प्रत्येक नावानंतर ते थांबत, एखादी पोरगी ओ देईल तेवढंच, रिकाम्या बाकाकडे बघत, आणि मान हलवून पुढचं नाव घेत. काही बाकांकडे सईही बघत होती.

शेवटी मला बघून ते म्हणाले की हिला रविवार समजत न्हाई, दप्तर घेऊन दारात उभी ऱ्हाते, मंग आणतो. आणि समोर बघत म्हणाले, "आज सगळ्या आल्यात."

मी हसले. घरी आल्यावर मात्र हसू येईना.

त्यांच्या अर्जांना कंटाळून असेल, दिवाळीनंतर शिक्षण कार्यालयातले साहेब स्वतः पडताळणीला आले. निकाल त्याच दिवशी लागायचा होता. मुलगी शाळेत खरोखर आहे आणि तिला काही समजतं, असं दिसलं तर शिक्षक मिळणार. नाही तर निवासी शाळेचा कागद. साहेबांनी आल्याआल्या बजावलं, पालकाचा आवाज चालणार नाही. मारोतराव खिडकीबाहेर उभे राहिले, तोंड बंद ठेवून. पांढऱ्या काचेवर त्यांच्या टोपीची सावली मला दिसत होती.

हजेरी साहेबांनीच घेतली. "सतरा." "सतरा?" सई कानामागे बघत राहिली, आता साहेबांच्या. त्यांनीही मागे वळून पाहिलं. मी पदराला हात पुसले. साहेबांना कुठली पोरगी ते माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा वर केला, वहीत नाव वाचलं आणि सहज विचारलं,

"सई कुठाय?"

जूनपासून आम्ही नंबर घेत होतो. हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"हाय की हितंच," दुसऱ्या बाकावरून एक बाई म्हणाली. "कुठं जातंय लेकरू?"

मी बाई म्हणते, कारण तो अकरा वर्षांच्या पोरीचा आवाज नव्हता. तिशीतल्या, कामाने दमलेल्या, चुलीशी बसून मान न वळवता बोलणाऱ्या बाईचा होता. ओठ सईचे हलले होते. माझ्या पोरींनी, ज्या खिडकीकडे कधी बघत नव्हत्या, त्यांनी सगळ्यांनी मिळून सईकडे पाहिलं. मग साहेबांनी वहीत हजेरी मांडली आणि आठवड्यातून तीन दिवसांचा शेरा लिहिला.

तो कागद घेऊन मी धावतच शाळेच्या मागे गेले. मारोतराव भिंतीला टेकून खाली बसले होते. मी कागद पुढे केला. त्यांनी पाहिलासुद्धा नाही.

"तिची माय हाय ती," म्हणाले. "दोन वर्सं झाली जाऊन."

एवढ्या महिन्यांत मी सईच्या आईची चौकशी केली नव्हती. बाप येतो म्हणजे आई घरी कामात असेल, असं धरून चालले होते. लाज वाटली मला. मी त्यांच्याशेजारी मातीतच बसले.

मारोतराव हळूहळू सांगायला लागले. स्टँडवरून घरी आलं की ते दारातूनच विचारायचे, सई कुठाय? आणि आतून रोज हेच उत्तर यायचं, याच चालीत. बायको वारली, त्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं.

"सांगायला कोण व्हतं?" ते म्हणाले. "आन् दोन वर्सं माझ्या घरात, माझ्याच ताटाशेजारी बसून व्हतं उत्तर."

वर्गात मधल्या सुट्टीचा गलका सुरू झाला. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. हा माणूस कधी कुणाला विचारून काही करत नसे. मग माझ्याकडे बघितलं.

"बाई, आज घरी गेल्यावर इचारू का?"